सीएपीचा लंग रिसेक्शन फॉर्म: ट्यूमर चोख, बाकी फुप्फुस ‘ऐच्छिक’

लोबेक्टॉमीचं, म्हणजे काढलेल्या फुप्फुसाच्या एका खंडाचं (लोबचं), स्पेसिमेन ग्रॉसिंगच्या, म्हणजे नमुना उघड्या डोळ्यांनी तपासून कापण्याच्या, टेबलावर येतं तेव्हा ट्यूमर असतो दोन-तीन सेंटिमीटरचा आणि भोवतीचं फुप्फुस तळहाताहून मोठं. रिपोर्टात हे प्रमाण उलटं होतं. ट्यूमरवर दीड पान, फुप्फुसावर अर्धी ओळ, तीही असलीच तर. याला बऱ्याच अंशी आपण रोज भरतो तो फॉर्म जबाबदार आहे, म्हणून त्या फॉर्मचंच हे परीक्षण.

फॉर्म म्हणजे कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्सचा, अर्थात सीएपीचा, फुप्फुसाच्या रिसेक्शनसाठीचा, म्हणजे शस्त्रक्रियेने काढलेल्या भागासाठीचा, कॅन्सर प्रोटोकॉल. अमेरिकेत कमिशन ऑन कॅन्सरने 2004 पासून आपल्या मान्यताप्राप्त केंद्रांना हे रकाने रिपोर्टात असणं सक्तीचं केलं. आपल्याकडच्या ऑन्कोपॅथॉलॉजीतही तो रुळला आहे. पीडीएफ आणि वर्ड फाइल फुकट मिळते. लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये बसणारी इलेक्ट्रॉनिक आवृत्ती हवी असेल तर परवाना घ्यावा लागतो.

ट्यूमरपुरतं बोलायचं तर फॉर्मला नाव ठेवायला जागा नाही. एकूण आकार, इन्व्हेझिव्ह म्हणजे ऊतीत घुसलेल्या भागाचा आकार, प्लुरा (फुप्फुसाचं आवरण), मार्जिन (कापलेली कड), हवेच्या पोकळ्यांतून झालेला फैलाव म्हणजे स्टास, लिम्फ नोडची स्टेशनवार मोजणी, शेवटी पीटीएनएम ही स्टेज: रेसिडेंटने पहिल्यांदा भरला तरी काही सुटत नाही. ऑन्कोलॉजिस्टला हवा तो आकडा नेमक्या जागी सापडतो. मोकळ्या परिच्छेदात लिहिलेल्या जुन्या रिपोर्टांत ही शाश्वती नव्हती.

आमची तक्रार आहे ‘इतर निष्कर्ष’ या रकान्याबद्दल. अ‍ॅटिपिकल अ‍ॅडिनोमॅटस हायपरप्लेसिया, स्क्वॅमस डिसप्लेसिया, डिफ्यूज न्यूरोएंडोक्राइन हायपरप्लेसिया हे कॅन्सरच्या आधीचे बदल, दाह, एम्फिसीमा (भिंती मोडून मोठ्या झालेल्या हवेच्या पोकळ्या) आणि ‘अन्य’ अशा खुणा तिथे आहेत. पण हा रकाना ऐच्छिक आहे. कोरा सोडला तरी रिपोर्ट पूर्ण धरला जातो, आणि संध्याकाळी सहा वाजता, ट्रेमध्ये अजून चौदा केसेस असताना, ऐच्छिक रकाना कोराच राहतो. पुढे वाचणाऱ्याला मात्र कोऱ्या रकान्याचा अर्थ लागत नाही. फुप्फुस बघितलं आणि निरोगी निघालं, की बघितलंच नाही?

याच संस्थेने किडनीच्या ट्यूमरच्या फॉर्ममध्ये उरलेल्या किडनीचं वाचन सक्तीचं केलं. ग्लोमेरुलसचा म्हणजे रक्त गाळणाऱ्या भागाचा आजार आहे का, रक्तवाहिन्यांचा आहे का, की ट्यूमरलगत 5 मिलिमीटरसुद्धा चांगली किडनी नसल्यामुळे नमुना अपुरा आहे, यांतलं काहीतरी लिहावंच लागतं. कारण सरळ आहे: नेफ्रेक्टॉमीनंतर (किडनी किंवा तिचा भाग काढल्यावर) रुग्णाला उरलेल्या किडनीवर जगायचं असतं. फुप्फुसाला हाच नियम का लागू नाही, याचं पटेल असं उत्तर आम्हाला सापडत नाही. लोब काढल्यावर उरतं तेही त्याच माणसाचं फुप्फुस, त्याच विडीच्या, चुलीच्या नाहीतर कारखान्याच्या धुराधुळीत वाढलेलं.

रकान्याबाहेर काय राहतं, त्यात सगळ्यात मोठी गोष्ट फायब्रोसिस, म्हणजे फुप्फुसात पडणारा व्रण. 2010 साली कॅट्झनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी कॅन्सरसाठी काढलेल्या लोबमधलं ट्यूमरपासून दूरचं फुप्फुस मुद्दाम तपासलं. निम्म्याहून अधिक धूम्रपान करणाऱ्यांत ठळक इंटरस्टिशियल, म्हणजे अल्व्हिओलायच्या (हवेच्या पोकळ्यांच्या) भिंतींतला, फायब्रोसिस निघाला, आणि शस्त्रक्रियेआधी त्याची कुणालाही कल्पना नव्हती. त्याला स्मोकिंग-रिलेटेड इंटरस्टिशियल फायब्रोसिस, थोडक्यात एसआरआयएफ, म्हणतात. स्लाइडवर तो एकदा ओळखला की विसरत नाही. अल्व्हिओलर भिंती जाड झालेल्या, आत गुलाबी, काचेसारखा, सुंभाच्या पिळासारखा कोलॅजन, दाहाच्या पेशी जवळपास नाहीत; शेजारी एम्फिसीमाच्या पोकळ्या आणि ब्रॉन्किओलभोवती (बारीक श्वासनलिकांभोवती) पिवळसर तपकिरी रंगद्रव्याने भरलेले मॅक्रोफेज (सफाई करणाऱ्या पेशी). प्लुराखाली आणि ब्रॉन्किओलभोवती हा जास्त दिसतो. बहुतेकांत तो संथ असतो.

घोटाळा होतो तो याला यूआयपी (यूज्वल इंटरस्टिशियल न्यूमोनिया, वाढत जाणाऱ्या फायब्रोसिसचं रूप) म्हटल्यावर. यूआयपीत रोगट भागाला खेटून जवळजवळ निरोगी फुप्फुस असतं, नवा आणि जुना व्रण एकाच क्षेत्रात दिसतो, फायब्रोब्लास्टिक फोकाय (ताज्या व्रणाचे ठिपके) असतात, मधमाशीच्या पोळ्यासारखी रचना (हनीकोम्बिंग) असते आणि मूळ बांधणी मोडलेली असते. एसआरआयएफमध्ये कोलॅजन वाढतो, पण बांधणी टिकते. चुकून यूआयपी लिहिलं तर रुग्णाच्या नावावर आयपीएफचा (इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस या वाढत जाणाऱ्या आजाराचा) शिक्का बसतो, महागडं अँटिफायब्रोटिक औषध सुरू होऊ शकतं आणि रेडिएशन द्यायला डॉक्टर कचरतात. उलटी चूक याहून महाग पडते. जपानमधल्या 61 रुग्णालयांच्या 2014 च्या अभ्यासात इंटरस्टिशियल आजार असलेल्या 1763 जणांची फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी शस्त्रक्रिया झाली होती. त्यांतल्या 9.3 टक्क्यांना नंतर अ‍ॅक्यूट एक्झासर्बेशन (आजाराचा अचानक भडका) झालं आणि तसं झालेल्यांपैकी 43.9 टक्के दगावले. ज्याच्या रिपोर्टात ‘यूआयपी’ हा शब्द यायला हवा होता आणि आला नाही, त्याला पुढे रेडिएशन, ओसिमर्टिनिब हे कॅन्सरचं औषध किंवा इम्युनोथेरपी देताना ऑन्कोलॉजिस्टला मागच्या फायब्रोसिसचा पत्ता नसतो. या तिन्हींनी न्यूमोनायटिस (फुप्फुसाचा दाह) होऊ शकतो आणि आधीच व्रण असलेलं फुप्फुस तो सोसत नाही.

दुसरी मोठी गोष्ट, आणि आपल्याकडे तर पहिलीच: ग्रॅन्युलोमा, म्हणजे टीबीसारख्या आजारात दाहाच्या पेशींची होणारी गाठ. पेट स्कॅनवर चमकणारी गाठ कॅन्सर म्हणून काढली आणि आत चीजसारखा झालेला टीबी निघाला, हे छातीच्या सर्जनला नवं नाही. पण कॅन्सर खरोखर आहे आणि त्याच लोबमध्ये दोन सेंटिमीटरवर नेक्रोटायझिंग (मधोमध ऊती मेलेला) ग्रॅन्युलोमाही आहे, ही स्थिती फॉर्मच्या आखणीत बसतच नाही. तिचे परिणाम मात्र सक्तीच्या रकान्यांपर्यंत पोचतात. त्याच लोबमधली दुसरी गाठ ट्यूमरची असेल तर ट्यूमरची पायरी टी3. ती ग्रॅन्युलोमा असेल आणि सेक्शन न घेताच उघड्या डोळ्यांनी ‘सॅटेलाइट नोड्यूल’ लिहिलं, तर स्टेज फुकट वर गेली. मेडियास्टायनमच्या (छातीच्या मधल्या भागाच्या) नोडचंही तेच. स्कॅनवर एन2 (कॅन्सर पोचलेला) वाटलेल्या नोडमध्ये कितीदा तरी फक्त ग्रॅन्युलोमा नाहीतर कोळशाची काजळी आणि सिलिकाच्या गाठी सापडतात.

ग्रॅन्युलोमा दिसला की झेडएन (टीबीच्या जंतूंसाठी) आणि जीएमएस (बुरशीसाठी) हे दोन्ही स्टेन लावायचे, एक लावून थांबायचं नाही. जीएमएसवर बुरशी शोधायची ती नेक्रोसिसच्या मधोमध, कडेच्या एपिथेलॉइड पेशींत नाही. झेडएन निगेटिव्ह आला म्हणून टीबी नाही असं ठरत नाही. पॅराफिन सेक्शनमध्ये बॅसिलाय विरळ असतात, इमर्शन लेन्सखाली सगळा नेक्रोटिक भाग सावकाश पालथा घालावा लागतो. खरं नुकसान त्याआधीच, ऑपरेशन थिएटरमध्ये झालेलं असतं. आख्खा लोब फॉर्मॅलिनच्या बादलीत गेला की कल्चर संपलं. पॅराफिन ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या ऊतीवर) पीसीआर होतो, पण फॉर्मॅलिनने डीएनए तुटलेला असतो आणि हाती कमी लागतं. औषधाला दाद न देणारा टीबी ओळखायला ताज्या ऊतीसारखा दुसरा पर्याय नाही. म्हणून सर्जनशी आधीच ठरवून ठेवावं: गाठ कापल्यावर पनीरसारखं पांढरट, भुसभुशीत काही दिसलं तर साधारण 1 सेंटिमीटरचा तुकडा निर्जंतुक डबीत, सलाइनमध्ये, फॉर्मॅलिनचा थेंबही न लागता मायक्रोबायोलॉजीला जाईल. भारतात 2012 पासून टीबी कळवणं बंधनकारक आहे, ते निदान ट्यूमरच्या रिपोर्टात कोपऱ्यात आलं असलं तरी. आणि हा रुग्ण पुढच्या महिन्यात केमोथेरपीला बसणार असतो, म्हणजे त्या कोपऱ्यातल्या ओळीची निकड ट्यूमरच्या ग्रेडहून कमी नाही.

‘आजार कॅन्सरचा नाही, म्हणून कॅन्सरच्या फॉर्मला त्याच्याशी देणंघेणं नाही’ हा युक्तिवाद टिकत नाही, हे दाखवणाऱ्या आणखी दोन जागा. स्टासचा रकाना घ्या. धूम्रपान करणाऱ्याच्या अल्व्हिओलायमध्ये मॅक्रोफेजचे पुंजके असतात, आणि घाईत तेच ट्यूमरच्या सुट्या पेशी समजून स्टास ‘आहे’ असं भरलं जातं. सायटोप्लाझम फेसाळ, रंगद्रव्याचा बारीक चुरा, केंद्रक मवाळ असेल तर मॅक्रोफेज. शंका उरली तर सायटोकेरॅटिन (ट्यूमरच्या पेशींसाठी) आणि सीडी68 (मॅक्रोफेजसाठी) या स्टेनची जोडी लावून सोडवावी. दुसरी जागा ट्यूमरच्या आकाराची. व्रणालगतच्या भिंतींवर ब्रॉन्किओलचं अस्तर पसरतं, त्या पेरिब्रॉन्किओलर मेटाप्लेसियाला लेपिडिक (भिंतींवरून पसरणारा) ट्यूमर समजून एकूण माप वाढवलं जातं. सिलिया (पेशींवरचे बारीक केस) दिसल्या, पेशी एकसुरी नसून मिश्र असल्या, मध्ये ब्रॉन्किओल सापडला, की तो ट्यूमर नाही. इथे टीटीएफ1 हा स्टेन उपयोगी पडत नाही, कारण मेटाप्लेसियातही तो उमटतो.

बाकीचे आजार थोडक्यात, पण आपल्या भागाला लागू म्हणून. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयएलडी (इंटरस्टिशियल लंग डिसीज) रजिस्ट्रीत 1084 रुग्णांपैकी 47.3 टक्क्यांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस (श्वासातून गेलेल्या कणांच्या वावड्याने होणारा दाह) होता. एअर कूलर, बुरशी, पक्षी हे त्यातले नेहमीचे संशयित. मुंबईतल्या कबुतरखान्यांचा वाद ज्यांनी वाचला त्यांना हा आजार नव्याने सांगायला नको. लोबेक्टॉमीत तो ब्रॉन्किओलला धरून बसलेल्या लिम्फोसाइटच्या दाटीने आणि लहान, विस्कळीत ग्रॅन्युलोमांनी ओळखता येतो. ‘दाह’ अशी खूण करून तो उरकता येत नाही, कारण रुग्णाने खिडकीतली कबुतरं हटवायची की नाही हे त्या एका शब्दावर ठरतं. ज्यांनी कधी विडी ओढली नाही पण तीस-चाळीस वर्षं चुलीपुढे काढली, अशा बायकांच्या फुप्फुसात काजळी आणि सिलिकेटचे कण ब्रॉन्किओलभोवती व्रणासकट बसलेले असतात. फॉर्ममध्ये एम्फिसीमाला खूण आहे, चुलीला नाही, त्यामुळे हे ‘अन्य’मध्येच लिहावं लागतं. लिहावं मात्र नक्की.

अ‍ॅस्बेस्टॉसमुळे झालेला फायब्रोसिस ठरवण्यासाठी नियम नेमका आहे. सीएपी आणि पल्मनरी पॅथॉलॉजी सोसायटीच्या 2010 च्या निकषांनुसार योग्य स्वरूपाचा फायब्रोसिस हवा आणि सेक्शनच्या दर चौरस सेंटिमीटरला सरासरी किमान 2 अ‍ॅस्बेस्टॉस बॉडी (लोहाचा थर चढलेले तंतू) हव्यात, त्याही फेरुजिनस बॉडीतल्या काळ्या कोळशाच्या गाभ्याच्या नव्हेत, तर पारदर्शक सरळ गाभ्याच्या. पर्ल्सचा लोहाचा स्टेन लावल्याशिवाय मोजायला बसू नये. मुंबईच्या दारुखान्यात जहाजं तोडणारा, बॉयलरची लॅगिंग (उष्णतारोधक वेष्टण) करणारा, सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यातला कामगार: अशांच्या रिपोर्टात या ओळीला कायदेशीर वजन असतं. 1948 च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत सिलिकोसिस, अ‍ॅस्बेस्टोसिस आणि गिरणी कामगारांचा बिसिनोसिस ही नावं आली. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्यनोंदी 40 वर्षं जपायला सांगितलं. भरपाईच्या दाव्यात ऊतीचा पुरावा क्वचितच हाती येतो. इथे तो आख्खा लोब भरून लॅबमध्ये आलेला असतो आणि कॅसेटमध्ये (स्लाइडसाठीची ऊती ठेवायच्या डबीत) न गेल्यामुळे कचऱ्यात जातो.

अ‍ॅस्पिरेशनचं, म्हणजे अन्न श्वासनलिकेत जाण्याचं, नावही फार वेळा निसटतं. ब्रॉन्किओलजवळ फॉरेन बॉडी जायंट पेशी, पू आणि मध्ये डाळीच्या दाण्याच्या पेशीभिंती दिसल्या की निदान झालं. क्लिनिकली त्याचा संशय फार थोड्या रुग्णांत घेतलेला असतो.

आता हा फॉर्म कसा वापरावा. सगळं ग्रॉसिंगवर आहे, कारण चेपलेल्या फुप्फुसातून कुठलाच आजार वाचता येत नाही. कोसळलेल्या अल्व्हिओलर भिंती एकमेकींना चिकटून फायब्रोसिससारख्या दिसतात. कल्चरचा तुकडा बाजूला काढून झाला, ब्रॉन्कियल मार्जिनची चकती घेतली, की ब्रॉन्कसमध्ये (मोठ्या श्वासनलिकेत) बोथट कॅन्युला किंवा लहान फोली कॅथेटर घालून 10 टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन सावकाश सोडावं. साधारण 25 सेंटिमीटर उंचीवर टांगलेल्या बाटलीचा दाब पुरतो. प्लुरावरच्या सुरकुत्या जाऊन ती ताणून गुळगुळीत झाली की थांबावं. सिरिंजने दामटलं तर नसलेला एम्फिसीमा तयार होतो. ब्रॉन्कस ट्यूमरने बंद असेल तर प्लुरातून सुईने ठिकठिकाणी भरावं. स्टेपलच्या रांगेतून गळतं, तिथे भिजवलेला कापूस दाबून ठेवावा. मग ऊतीच्या दहापट फॉर्मॅलिनमध्ये, वर ओला कागद घालून, रात्रभर. न भरलेला लोब तसाच बुडवला तर वरचा सेंटिमीटर पक्का होतो आणि मधला भाग कुजतो, आणि मग ईजीएफआर जनुकाच्या चाचणीलाही ऊती नीट मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी 1 सेंटिमीटरच्या चकत्या. प्रत्येक चकती उजेडात धरून बोट फिरवावं: निरोगी फुप्फुस स्पंजासारखं दबतं, व्रणाचा भाग बोटाला रबरासारखा लागतो, ग्रॅन्युलोमा वाळूच्या खड्यासारखा. बोटाला लागलेलं काहीही कॅसेटमध्ये जायला हवं. त्याशिवाय ट्यूमरपासून 3–4 सेंटिमीटर दूर निदान तीन ब्लॉक, त्यांतला एक प्लुरासकट. खालचा लोब असेल तर तळाजवळचा एक ब्लॉक नक्की, यूआयपी तिथे बसतो. ट्यूमरला लागून घेतलेला ब्लॉक या कामाचा नाही. अडलेल्या ब्रॉन्कसमागे फेसाळ मॅक्रोफेज, ऑर्गनायझिंग न्यूमोनिया, लिम्फोसाइट हे सगळं ट्यूमरमुळे झालेलं असतं. त्यावरून इंटरस्टिशियल आजार ठरवला तर तो रुग्णाचा नसून जागेचा आजार ठरतो. वरच्या लोबच्या टोकाची टोपी आणि लिंग्युलाचं टोकही टाळावं. तिथे वयोमानाचा, काही न सांगणारा व्रण असतोच.

ऐच्छिक रकान्यात काय भरावं, तर एवढं तरी: ‘ट्यूमरपासून 4 सेंमी दूरचं फुप्फुस, ब्लॉक ए8 ते ए10: मध्यम एम्फिसीमा, रेस्पिरेटरी ब्रॉन्किओलायटिस, प्लुराखाली एसआरआयएफ. फायब्रोब्लास्टिक फोकाय व हनीकोम्बिंग नाही. ग्रॅन्युलोमा नाही. लोहाच्या स्टेनवर अ‍ॅस्बेस्टॉस बॉडी नाहीत.’ यात ब्लॉकचे क्रमांक आणि अंतर सगळ्यात महत्त्वाचं. दुसरीकडे स्लाइड वाचणाऱ्याला कुठे बघायचं ते कळतं. जे शोधलं आणि मिळालं नाही तेही लिहावं, नाहीतर पुन्हा तोच कोरा रकाना. यूआयपी, ग्रॅन्युलोमा किंवा रक्तवाहिनीत गुठळी सापडली तर ती रकान्यात न ठेवता मुख्य निदानाची दुसरी ओळ करावी आणि सर्जनला फोन करावा. ट्यूमर बोर्डात (उपचार ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बैठकीत) रिपोर्टाचं पहिलं पानच पडद्यावर लागतं.

फॉर्मची आणखी एक उणीव आता ठळक होत चालली आहे. 2022 आणि 2023 मध्ये आलेल्या जपानी आणि अमेरिकी चाचण्यांनंतर 2 सेंटिमीटरपर्यंतच्या, कडेच्या ट्यूमरसाठी सेगमेंटेक्टॉमी (लोबचा एक भाग काढणं) आणि वेज (पाचरीसारखा तुकडा काढणं) वाढत आहेत. वेजमध्ये ट्यूमर ते स्टेपल अंतर जेमतेम दोन सेंटिमीटर, त्यातला अर्धा भाग क्लॅम्पने चेपलेला आणि रक्ताने भरलेला. तिथे दूरचं फुप्फुस असं काही उरतच नाही. अशा वेळी किडनीच्या फॉर्ममधलं वाक्य उसनं घ्यावं: ‘ट्यूमरपासून दूरचं फुप्फुस तपासण्यास नमुना अपुरा.’ स्लाइडवर संशय आला असेल तर त्यापुढे ‘एचआरसीटीशी (बारीक तपशिलाच्या सीटी स्कॅनशी) पडताळावं’ एवढं जोडावं. दुसऱ्या मतासाठी पाठवताना ट्यूमरच्या ब्लॉकबरोबर दूरच्या ब्लॉकच्या एच अँड ई (नेहमीच्या रंगाच्या) स्लाइड, न रंगवलेल्या चार-पाच स्लाइड, शस्त्रक्रियेआधीच्या सीटीची डिस्क आणि एका चिठ्ठीवर व्यवसाय, विडी-सिगारेट, चूल, कबुतरं, चालू औषधं हे पाच तपशील ठेवावेत. फॉर्ममध्ये या पाचांपैकी एकालाही रकाना नाही.